डोली अर्ध्या घरांची नसते

"डॉक्टर, एक विचारू का? एकाच बाईला चार महिन्यांत तीनदा बाळंतपणाच्या कळा येऊ शकतात?"

सिस्टर मेडियसने हे इतक्या साळसूदपणे विचारलं, की डॉक्टर निनसीमाने मान वर न करताच "नाही" म्हणून टाकलं. तिच्यासमोर सहा महिन्यांचे आकडे पसरले होते आणि त्यांनी आधीच तिचं डोकं उठवलं होतं. मग प्रश्न डोक्यात शिरला आणि तिने मान वर केली.

"कोणाला आल्या?"

"क्यारिकुंडाला. पलीकडच्या डोंगरावरची. पहिल्यांदा फोनवर आवाज म्हातारीचा होता. मला वाटलं, सासू बोलत असेल. दुसऱ्यांदा कोणी पोरगी बोलली, लाजत लाजत. काल तिसरीच. आणि तिघींनीही नाव सांगितलं क्यारिकुंडा."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"मला वाटलं, तुमच्या अभ्यासात असंच असेल," मेडियस म्हणाली. "तुमच्या अभ्यासात काय काय असतं, मला कुठे कळतं?"

निनसीमा या डोंगरांतलीच. शिकली राजधानीत, कंपालात, पण पुढची बरीच वर्षं इथेच परदेशी साहेबांच्या अभ्यासांत खपली. साहेबांनी प्रश्न लिहायचे, तिने ते इथल्या रुकिगा बोलीत समजावून सांगायचे. साहेब विमानात बसले की मागे उरलेली भांडणं तिने मिटवायची. आता पहिल्यांदाच एका अभ्यासावर सगळ्यात वर तिचं नाव होतं. प्रश्न तिचा, मांडणी तिची, आणि त्या मांडणीचा ताठाही तिचाच.

प्रश्न साधा होता. डोंगरावरच्या बायका अडल्या की दवाखान्यात उशिरा पोचतात. गाडी वर चढत नाही. आजारी माणूस खाली येतं ते एन्गोझीत, म्हणजे वेताच्या डोलीत, चौघांच्या खांद्यावरून. निनसीमाचं म्हणणं असं, की गरोदर बाईच्या हातात एक फोन द्या आणि दुसऱ्या टोकाला अष्टौप्रहर एक शहाणी सिस्टर बसवा, मग बाई वेळेवर निघेल. हे खरं की नुसतीच हौस, ते ठरवायला तिने चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या बायकांना फोन मिळाला, निम्म्यांचं पूर्वीसारखंच चालू राहिलं. शेवटी दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक बघायचा. "याहून सरळ मांडणी दाखवा आणि माझ्याकडून बोकड घेऊन जा," असं ती भेटेल त्याला सांगत असे.

आणि आता फरकच दिसत नव्हता. फोनवाल्या बायका वेळेवर पोचत होत्या. बिनफोनवाल्याही तितक्याच वेळेवर पोचत होत्या.

"गंमत बघ," ओमारा म्हणाला. आकड्यांचं काम त्याच्याकडे होतं. हा उत्तरेकडचा उंचच्या उंच माणूस, आणि डोंगर चढावा लागू नये म्हणून आकड्यांत शिरला, असं निनसीमा त्याला चिडवायची. "गेल्या वर्षीपेक्षा दोन्ही गट सुधारलेत. म्हणजे इथली हवा तरी सुधारली असेल, नाहीतर बटाटे. फोनचा काही संबंध दिसत नाही."

"फोनचा उपयोग नाही हे मला मान्य नाही."

"तुला मान्य नसून काय होतंय? आकड्यांना मान्य आहे. पुढच्या आठवड्यात समितीलाही होईल."

समिती कंपालाहून येणार होती. निम्म्या वाटेवर फरक दिसला नाही तर अभ्यास गुंडाळायचा, हे कलम निनसीमानेच मोठ्या तोऱ्यात मांडणीत घातलं होतं. अभ्यास गुंडाळला की फोनवरची सिस्टरही जाणार. मेडियस परत वॉर्डात, फोन कपाटात, आणि डोंगरावरच्या बायका होत्या तिथेच. वर पुन्हा कोणी या कामाला हातही लावणार नाही, कारण 'करून पाहिलं, उपयोग नाही' हे कायमचं छापलं जाणार. निनसीमाला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

"मी वर जाऊन येते," ती उठत म्हणाली. "ही तीनदा कळा येणारी बाई मला बघायचीच आहे."

मोटरसायकलवाल्याने तिला पायथ्याशी सोडलं तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. ज्वारीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून ती भराभर चढत गेली. शहरातले बूट चिखलात रुतत होते, पण चढाची सवय पाय विसरले नव्हते.

तिथल्या डोली मंडळाचे चेअरमन बिटारिहो अंगणातच भेटले. डोक्यावर हॅट, पायात गमबूट, हातात काठी, आणि आपण चेअरमन आहोत ही जाणीव चेहऱ्यावर पुरेपूर. त्यांनी तिला बसवलं, भोपळ्याच्या तुंब्यातून बुशेरा दिला, ज्वारीचा, चांगला आंबट. घरचे कसे, आई कशी, बटाटा कसा आला, हे सगळं रीतसर विचारून झालं, तेव्हा कुठे तिला तोंड उघडता आलं.

"चेअरमन, मला क्यारिकुंडाला भेटायचंय."

"कोणत्या? खऱ्या, की फोनमधल्या?"

निनसीमाच्या हातातला तुंबा तोंडापर्यंत पोचलाच नाही.

"खरी केव्हाच बाळंत झाली. मुलगा झाला. फोनमधली अजून चालू आहे," चेअरमन म्हणाले. "चल, दाखवतो."

घरामागे डोलीची खोली होती. भिंतीला डोली आडवी टांगलेली, नवा वेत घालून घट्ट विणलेली, आणि तिच्या शेजारी खुंट्यांना रांगेने फोन लटकलेले. निनसीमाने दिलेलेच. छपरावरच्या सोलरमधून एक वायर खाली आली होती आणि एक फोन तिला लावलेला होता.

"पाळ्या लावल्यात. एक चार्जिंगला, बाकीचे तयार," चेअरमनांनी अभिमानाने सांगितलं. "ज्या घराला गरज पडेल त्यांनी यायचं, बोलायचं, परत टांगायचं. ज्या बाईचा फोन उचलला तिचं नाव सांगायचं. क्यारिकुंडाचा दाराजवळच्या खुंटीला आहे ना, म्हणून जी येते ती तोच उचलते."

"हे फोन मी बायकांना दिले होते! ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना!"

"हो ना. ती चूक आम्ही दुरुस्त केली."

"चूक?"

"पोरी, तू इथलीच ना? मग तुला मी सांगायला पाहिजे का? डोली कधी अर्ध्या घरांची असते? या डोंगरावर चूल पेटली की ते घर मंडळात आलं. रुगुंडाशी माझं बांधावरून भांडण आहे, तरी त्याच्या बापाला मी खांद्यावरून खाली नेलाय. वाटभर रुगुंडाला शिव्या दिल्या, पण नेलाय. आणि तुम्ही येता, मडक्यातून चिठ्ठ्या काढता, आणि म्हणता, हिला सिस्टर, हिच्या जावेला काही नाही. दोघी एकाच झऱ्यावर पाणी भरतात. घरात तोंड कसं दाखवायचं एकमेकींना?"

"पण खोटी नावं कशाला?"

"यादीत नसलेलं नाव सांगितलं आणि सिस्टर बोललीच नाही तर?"

निनसीमाचा पारा चढला. तिचा स्वतःचा पहिला अभ्यास इथे खुंट्यांना टांगलेला होता आणि हा माणूस कौतुकाची वाट बघत उभा होता.

"चेअरमन, तुम्ही सगळं मातीत घातलंत! सगळ्यांनीच फोन वापरला तर फरक कुठून दिसणार? समिती म्हणणार, फोन कुचकामी. पुढच्या आठवड्यात सिस्टर बंद होईल आणि या खुंट्या रिकाम्या होतील. आणि ही उसनी नावं! एक दिवस सिस्टर भलत्याच बाईला भलतंच सांगून बसेल. मग दोष कोणाला देणार?"

चेअरमनांच्या चेहऱ्यावरचा चेअरमन उतरला. "बंद? एवढं चांगलं चाललंय ते बंद?"

"चांगलं चाललंय हे कुठेच दिसत नाही, तेच सांगतेय ना मी!"

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. तिला धाप लागली होती. ही टुशाबेची सासू, चेअरमनांनी हळूच सांगितलं. निनसीमाला यादीतली टुशाबे आठवली: पहिलीच खेप, सोनोग्राफी नाही, आणि चिठ्ठीत फोन मिळालेला नाही. म्हातारीने दोघांकडे पाहिलंही नाही. क्यारिकुंडाचा फोन चार्जिंगला होता म्हणून तिने शेजारचा, मोरीनचा, उचलला, सराईतपणे बटण दाबलं आणि स्पीकर लावला. अंगणात आसपासची चार माणसं जमा झाली. चेअरमनांनी खांदेकऱ्यांना बोलवायचं शिंग भिंतीवरून काढलं, पण फुंकलं नाही; हातात धरून उभे राहिले.

"सिस्टर, मी मोरीन," म्हातारी आवाज बारीक करून म्हणाली. "जरा रक्त जातंय."

"घाबरू नकोस, मोरीन," मेडियसचा आवाज खोलीभर घुमला. "तुझी सोनोग्राफी मीच बघितली होती, वार अगदी वर आहे. कळा सुरू व्हायच्या आधी थोडं दिसतं. कुशीवर पडून राहा, मी थोड्या वेळाने परत फोन करते."

चेअरमनांचा शिंगाचा हात खाली आला. निनसीमाने म्हातारीच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला.

"मेडियस, मी निनसीमा बोलतेय. ही मोरीन नाही. टुशाबे म्हणून आहे, पहिली खेप, सोनोग्राफी झालेलीच नाही." ती म्हातारीकडे वळली. "जरा म्हणजे किती? खरं सांगा."

म्हातारीने मान खाली घातली. "नेसूचं सगळं भिजलंय."

"उचला," मेडियसचा आवाजच बदलला. "आत्ताच्या आत्ता उचला. डाव्या कुशीवर ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका. मी थिएटर तयार ठेवायला सांगते."

मग चेअरमनांनी शिंग फुंकलं. बटाट्याच्या शेतांतून माणसं कुदळी टाकून धावत आली. एकानेही विचारलं नाही, की खरंच नेण्याइतकं झालंय का.

निनसीमा ते बघत होती. लहानपणी तिने शिंग किती उशिरा वाजताना ऐकलं होतं! घरात बाई विव्हळते आहे आणि अंगणात म्हातारे चर्चा करताहेत, की थांबू, बघू. कारण उगाच शिंग फुंकलं, सगळा डोंगर कामावरून उठवला आणि खाली गेल्यावर बाई ठणठणीत निघाली, तर त्या घराला वर्षानुवर्षं टोमणे खावे लागत. त्या शरमेपायी सगळे थांबत. आज ती शरम कोणाच्याच माथी नव्हती. उचला, असं सिस्टरने म्हटलं होतं आणि ते सगळ्या अंगणाने ऐकलं होतं. फोन एकट्या बाईच्या कानाला असता तर तिच्या शब्दावर शिंग वाजलंच नसतं. निनसीमाने अंतर मोजलं होतं, वेळ मोजली होती, बायकांचं वय आणि शाळा मोजली होती. हे अंगण मात्र मोजायचं राहिलं होतं.

डोली निघाली. पुरुष खांदे बदलत पळत होते, बायका मागून कपडे आणि पाणी घेऊन. वाटेत भेटणारा प्रत्येकजण डोक्यावरचा भारा खाली ठेवून खांदा द्यायला येत होता, तशी रीतच होती. निनसीमा फोन उंच धरून मागे चालत होती आणि मेडियस टुशाबेशी अखंड बोलत होती. मध्येच चेअरमनांनीही खांदा लावला. त्यांच्या पुढच्या दांड्याला नेमका रुगुंडा होता.

"नीट चाल रे, बांधचोरा!"

"तुम्ही नीट चाला, चेअरमन. डोली तुमच्याच बाजूला कलतेय, तुमच्या बांधासारखी!"

टुशाबे त्या अवस्थेतही हसली. दुपार व्हायच्या आत ती टेबलावर होती आणि दुपार उतरली तेव्हा तिच्या शेजारी एक लालबुंद पोरगी रडत होती.

"या डोंगराला मोजणीतून काढून टाकू," दुसऱ्या दिवशी ओमारा म्हणाला. "फोनचा गैरवापर झाला, असं लिहू. उरलेल्यांत फरक दिसेलही."

"उरलेल्यांतही हेच चालू असणार. डोली काय एकाच डोंगरावर आहे?"

"मग फोनला कुलूप घालू. जिचा फोन तिच्याच अंगठ्याने उघडेल."

"घालू की. काल टुशाबे मेली असती आणि आपला आकडा झकास आला असता."

ओमाराने हातातला कागद बाजूला सारला. माणूस चांगला होता, फक्त खुर्चीतून डोंगर बघत होता.

समितीपुढे निनसीमा ताठ उभी राहिली. अध्यक्षबाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर आणून बघितलं, की चांगल्या चांगल्यांची वाचा बसते अशी त्यांची ख्याती होती. निनसीमाची बसली नाही.

"फरक दिसत नाही, कारण मी चुकीच्या चिठ्ठ्या टाकल्या," ती म्हणाली. "मी बायकांची नावं मडक्यात घातली. घालायला हव्या होत्या डोल्या. आमच्याकडे आजारी बाई एकटी कुठलाच निर्णय घेत नाही, डोली उचलायची की नाही हे डोंगर ठरवतो. तेव्हा फोन बाईला नाही, डोलीला द्यायचा. सगळ्या मंडळांना द्यायचा, पण एकामागून एक. कोणाचा नंबर कधी, ते चिठ्ठी ठरवेल. ज्यांना मिळालाय आणि जे थांबलेत त्यांची तुलना करायची. आणि मोजायचं एवढंच, की त्रास सुरू झाल्यापासून शिंग वाजेपर्यंत किती वेळ गेला. शेवटी कोणीच वंचित राहत नाही."

"थांबणारे थांबतील कशावरून?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "एकदा त्यांनी तुमचे फोन वाटून घेतलेत. आता डोंगराडोंगरांत वाटतील."

"अर्ध्यांना देणं त्यांना पटत नाही. पाळी पटते. खांदा देताना जन्मभर पाळीच पाळलीय त्यांनी."

"तुमचा आत्मविश्वास दांडगा आहे, डॉक्टर. मागच्या वेळीही होता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मडकं ठेवाल त्या दिवशी मी स्वतः येईन. सगळे चेअरमन राजी झाले तर पुढे जा. एकाचंही शंकासमाधान झालं नाही तर अभ्यास तिथेच बंद."

मडकं चर्चच्या मैदानावर ठेवलं. डोंगराडोंगरांवरून चेअरमन आले, त्यांच्यामागे निम्मी माणसं आली. उकडलेले बटाटे आणि घेवडा होता, बुशेरा होता. निनसीमाच्या माहेरचा डोंगरही आला होता. पुढच्या बाकावर तिची आई, रविवारचा झगा घालून, आणि तिच्या शेजारी धाकटी बहीण प्रोव्हिया, पाचव्या महिन्यातली, पोट दिसू लागलेली. बिटारिहोंच्या डोंगराची चिठ्ठी मडक्यात नव्हती. त्यांचं आधीच सुरू झालेलं असल्यामुळे ते मोजणीबाहेर. याचा त्यांना फार राग आला होता, म्हणून ते मुद्दाम आले होते.

निनसीमाने सगळं समजावलं. खरी नावं का सांगायची, पाळी का पाळायची, शेजारच्या डोंगराला कळवळ्यानेसुद्धा फोन का द्यायचा नाही. "खांदा हवा तेवढा द्या," ती म्हणाली, "फोन देऊ नका. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपली बाई डोंगरामुळे मरत नाही. आपण अंगणात थांबतो म्हणून मरते." माना डोलल्या. अध्यक्षबाईंनी वहाणा सावरल्या. काम संपल्यात जमा होतं.

"माझी एक शंका," बिटारिहो उभे राहिले.



"डॉक्टरच्या माहेरच्या डोंगराची चिठ्ठी मडक्यात आहे. समजा, शेवटची निघाली. तिथे सिस्टर नाही. पण डॉक्टरच्या आईकडे स्वतःचा फोन आहे आणि त्यात लेकीचा नंबर आहे. धाकटी पोटुशी आहे, ते सगळ्यांना दिसतंय. म्हातारीने फोन केला तर डॉक्टर उचलणार नाही? आणि उचलला, तर तो डोंगर थांबला कुठे?"

मैदान हसलं. अध्यक्षबाईंचा चष्मा नाकाच्या टोकावर आला. निनसीमाचे कान तापले. पाऊस, चार्जिंग, नेटवर्क, सगळ्याचा विचार तिने केला होता. स्वतःचाच केला नव्हता. उचलणार नाही, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं होतं आणि मैदानावरच्या प्रत्येकाला ते कळलं असतं.

"उचलणार," ती म्हणाली. "आईचा फोन आला तर मी उचलणारच. म्हणून आमच्या डोंगराची चिठ्ठी मी मडक्यातून काढतेय. आम्हीही मोजणीबाहेर. सगळ्यांची पाळी झाली की सर्वांत शेवटी आम्हाला फोन."

तिच्या डोंगरावरची माणसं उसळलीच. "बिटारिहो मोजणीबाहेर, पण त्यांना फोन आहेत! आम्ही काय घोडं मारलंय?"

"त्यांना मी देऊन बसलेय, आजारी बायकांच्या हातून परत काढून घेणार नाही," निनसीमा म्हणाली. "आपल्याला अजून द्यायचेत. आणि मी माझ्या माणसांना आधी दिले, तर या मडक्याला काय अर्थ राहिला?"

कोणीतरी आणखी बोलणार, तेवढ्यात तिची आई उठली. 

"माझी लेक आम्हाला मोजणीतून काढतेय. काढू दे," आई म्हणाली. "आम्ही तिला मंडळातून काढलेलं नाही. ती शहरात राहते. खांदा द्यायला तिच्याकडून ना नवरा येतो, ना मुलगा. मंडळाच्या वर्गणीतलं तिच्या वाटचं जळाऊ लाकूड वर्षानुवर्षं मी देते, का, तर उद्या तिला काही झालं तर तिलाही कोणीतरी उचलून आणावं. आता ती इतकी मोठी झालीय, की आख्ख्या डोंगराला थांबवते. मग यापुढे आपलं लाकूड तिने आपण आणावं. आम्ही थांबतो."

मैदानात हशा पिकला. बिटारिहोंनी हॅट काढून म्हातारीपुढे मान लववली आणि आपली शंका फिटल्याचं मोठ्याने जाहीर केलं.

"घाला हात मडक्यात," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पहिल्या डोंगरावर खुंट्या ठोकल्या गेल्या, मग दुसऱ्या. आता मेडियसला फोन यायचे ते खऱ्या नावाने, आणि प्रत्येक बाईची माहिती तिच्यासमोर तिचीच असायची. शिंग लवकर वाजू लागलं होतं आणि ते आकड्यांत दिसत होतं. थांबलेले डोंगर थांबले होते. निनसीमाचा ताठा परत आला होता, पण रोज सकाळी उठल्या उठल्या आईचा फोन येऊन गेला नाही ना, ते ती आधी बघायची. प्रोव्हियाचे दिवस भरले होते.

एका सकाळी, ओमाराशी हुज्जत चालू असताना, फोनवर आईचं नाव आलं. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"आई! काय झालं? रक्त जातंय का? तिला आधी डाव्या कुशीवर..."

"गप्प बस जरा! मी विचारायला फोन केलेला नाही, सांगायला केलाय." आईच्या आवाजामागे पावलांची धपधप आणि पुरुषांच्या हाळ्या ऐकू येत होत्या. "पाणमोट फुटली. बाळ आडवं वाटलं. म्हातारे म्हणाले, थांबू, बघू. चेअरमन म्हणाला, अंगणात थांबल्याने बाई मरते, हे मी मैदानावर माझ्या कानांनी ऐकलंय. आणि फुंकलं शिंग. अर्धी वाट उतरलोय आम्ही. तू दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहा."

फोन बंद झाला. निनसीमा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे कुठे मांडायचं?" ओमाराने विचारलं.

"कुठेच नाही. तो डोंगर मोजणीत नाही."

"पण तुझं ते वाक्य बाकीच्या थांबलेल्या डोंगरांनीही ऐकलंय. तेही न विचारता शिंग फुंकायला लागले, तर तुझा फरक पुन्हा कमी होणार, कळतंय ना?"

"होऊ दे कमी!" ती दारातूनच ओरडली. "कशाने कमी झाला तेही मोजू. नवी मांडणी करू, तू कागद काढून ठेव."

ती फाटकाशी वाट बघत उभी राहिली आणि अखेर डोली रस्त्याच्या वळणावर दिसली. प्रोव्हिया डाव्या कुशीवर होती, चेहरा वेदनेने पिळवटलेला, पण डोळे उघडे. आई मागून झपाझप येत होती. पुढच्या दांड्याखालचा माणूस पार थकला होता, त्याचे पाय लटपटत होते, आणि बदलीचे पुरुष धापा टाकत मागे पडले होते. बाईने खांदा द्यायची रीत नव्हती. निनसीमाने स्टेथोस्कोप खिशात कोंबला, पुढे होऊन दांड्याखाली खांदा घातला आणि डोली उचलून धरली. दांडा चांगलाच टोचत होता.  पाळी बदलली आणि डोली पुढे निघाली.

फाटकापासून वॉर्डापर्यंत तिने ती नेली. दारातून डोली आत गेली, अगदी वेळेत आणलंत असं आतल्या सिस्टरने सांगितलं, तेव्हा आई शेजारी येऊन तिच्या खांद्यावरचा चुरगळलेला पांढरा कोट सारखा करू लागली.

"बरं झालं खांदा दिलास," आई म्हणाली. "पण लाकूड माफ नाही हं."